बदललेला खडा

साखरपुड्याच्या दिवशी अंगठी कसली आहे, असं आमच्याकडच्या कुणीही विचारलं नव्हतं. माझ्या होणाऱ्या सासूनं ते आपणहून सांगितलं.

हातकणंगल्यात आमच्या दारात मांडव घातला होता. माझ्या वडिलांचं किराणा मालाचं दुकान होतं आणि हे स्थळ त्यांच्या फारसं मनात नव्हतं. मुलगा कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर बसून दागिन्यांत खडे बसवतो, जितके नग तितकी मजुरी, एवढं त्यांना कळलं होतं. पगार नाही, दुकान नाही. पण माझ्या पाठीवर आणखी एक बहीण होती, म्हणून ते हो म्हणाले.

अंगठी माझ्या बोटात गेली आणि मांडवातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात खड्यातून निळ्या-तांबड्या ठिणग्या उठल्या. माझी एक चुलती म्हणाली, "चमकतोय की वो लई."

सासू मोठ्यानं म्हणाली, "चमकंल न्हाय तर काय! हिरा हाय त्यो. गुजरीत काम करतोय माझा ल्योक. बायकूला काय काच घालंल व्हय?"

मांडवात कुजबुज झाली. वडिलांनी मान वर करून जावयाकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. मीही पाहिलं. तो पाटाकडं बघत बसला होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं, लाजतोय.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरवातीची गोष्ट. लग्न होऊन मी कसबा बावड्यात आले. घरात सासू, थोरले दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं. दिरांचा म्हशींचा गोठा होता, त्यांचं दूध गावात घरोघर जायचं. आम्हाला मागची खोली दिली होती. सासूला मी आत्ती म्हणत असे. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या. लोकांच्या उसात पाला काढून, भांगलण-खुरपण करून त्यांनी दोन पोरं वाढवलेली. घरात त्यांच्यापुढं कुणी बोलत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी नवऱ्यानं खोलीचं दार लोटलं आणि माझ्या बोटातली अंगठी मागितली. तोंडाजवळ धरून तिच्यावर वाफ सोडली आणि माझ्यापुढं केली.

"बघ. धुरकट झाला न्हवं? हिरा असता तर वाफ त्याच्यावर टिकलीच नसती."

खड्यावरचं धुकं हळूहळू गेलं.

"अमेरिकन डायमंड म्हणत्यात ह्याला," तो म्हणाला. "पण खोटा म्हणू नको. खोटी ती काच. ह्यो भट्टीत बनवलेला खडा हाय. एक पांढरी भुकटी असते, ती वितळवत्यात. एवढी आच लागती की कुठलं भांडं टिकत न्हाय. मग बाहेरनं पाणी खेळवून भुकटीचाच कडेचा थर गार ठेवत्यात, त्याचंच भांडं हुतं. मुंबईचा माल देणारा सांगत हुता."

तो हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. मी विचारलं, "मग तुम्ही मांडवात बोलला का नाहीत?"

"आईचं तोंड बघितलंस तू? एवढ्या माणसांत ती मान वर करून कधी बोलली न्हवती. मी काय तिला सांगितलं न्हवतं हिरा हाय म्हणून. तिनंच धरलं. आता तिला तिथं खोटं पाडू?" मग म्हणाला, "सांगतो की कवातरी. रागावलीस?"

"नाही," मी म्हणाले. थोडं वाईट मात्र वाटलं होतं. हिऱ्यासाठी नव्हे. वडिलांनी ज्या नजरेनं त्याच्याकडं पाहिलं होतं, ती नजर आठवली म्हणून. पण त्यानं ही गोष्ट मला एकटीला सांगितली, याचा आनंद त्यापेक्षा मोठा होता. मी तेव्हा विशीत होते.

कवातरी कधी आलं नाही. आत्ती पाहुणे आले की मला हाक मारायच्या, "ये गं, दाव पावण्यास्नी." मी ओले हात पुसून पुढं व्हायची. पाहुण्यांनी हात धरून अंगठी बघितली की आत्तींच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते बघितल्यावर माझ्याही तोंडून शब्द फुटला नसता. माझे वडीलही हातकणंगल्याच्या बाजारात जावई हिऱ्याचं काम करतो म्हणून सांगू लागले होते. गोष्ट दोन्ही घरांत मुरली.

खडा मात्र झिजायचा. हिरा झिजत नाही, हा झिजतो. राखेनं भांडी घासून, शेणाच्या पाट्या उचलून त्याच्या कडा बोथट व्हायच्या, वर बारीक चरे पडायचे, साबणाचा थर बसून तो मंद दिसायचा. मग एखाद्या रविवारी नवरा कामावरची लाखेची कांडी घरी आणायचा. लाख तापवून अंगठी तिच्यात रोवायची, भिंग डोळ्याला लावायचं, चिमट्यानं सोन्याचे चार दात उघडायचे, जुना खडा काढून त्याच मापाचा नवा बसवायचा. मी शेजारी बसून बघायची. दार बंद असायचं. आमच्या संसारातले सगळ्यात सुखाचे प्रसंग मला आठवायला सांगितले, तर ते रविवार आठवतात. असा त्यानं खडा तीनदा बदलला.

आणि आत्ती म्हणायच्या, "बघा की, इतकी वर्सं झाली, हाय का काय झालं त्याला? खरा हिरा म्हणत्यात त्यो ह्यो."

आम्हाला मूल झालं नाही. दवाखाने झाले, देव झाले, मग त्याबद्दल बोलणं बंद झालं. त्या घरात माझं स्थान काय ते त्या अंगठीवर होतं, असं आता वाटतं. आत्ती मला वांझ म्हणाल्या नाहीत. पण माझी ओळख करून देताना त्या माझा हात पुढं करायच्या.

नवीन शतक लागलं तसं माझ्या नवऱ्याचे पाय सुजायला लागले. बैठं काम, म्हणून तो दुर्लक्ष करत राहिला. मग सकाळी डोळ्यांखाली सूज, मग जेवण नको, मग मळमळ. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत. तो बराच वेळ आपल्या हातांकडं बघत होता. मग विचारलं, "काम करता यील न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "बघू."

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा मशीनवर झोपायचं, आणि घरी येऊन दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचं. माडीवरचं काम सुटलं, कारण हात थरथरू लागला होता. सुरवातीला साठलेलं होतं ते गेलं. मग माझ्या बांगड्या गेल्या, गंठण गेलं, कानातलं गेलं. मीच एकेक काढून दिलं, त्याचं मला काही वाटलं नाही. गळ्यात काळी पोत राहिली आणि बोटात अंगठी.

ती अंगठी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. ती मोडली तर सोन्याचे थोडेसे पैसे आले असते, पण घरात सगळे हिऱ्याचे पैसे विचारणार होते. मी नवऱ्याला दवाखान्यात मशीन चालू असताना म्हटलं, "आता सांगा की त्यांना. माझ्याकडं सगळे कसे बघतात तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतंय," तो म्हणाला. डोळे मिटलेले होते. "जरा बरं वाटू दे. मग आईला नीट बसवून सांगतो. आत्ता सांगितलं तर तिला वाटंल, पोरगं मरताना काय तरी बरळतंय."

"असं बोलू नका."

"बरं. न्हाय बोलत."

थोरल्या दिरांनी दोन म्हशी विकल्या. त्यांनी भावासाठी कधी हात आखडता घेतला नाही, हे सांगितलं पाहिजे. म्हशी गेल्या त्या दिवशी ते गोठ्यात रिकाम्या खुंट्यांजवळ दावी गुंडाळत उभे होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप घेतला नाही.

"मी माझ्या पोरांच्या तोंडातलं दूध इकलं," ते म्हणाले. "आन् तू बोटात हिरा घालून फिरतीस. माझा भाऊ हाय त्यो. तुझा कोण हाय?"

खोलीचं दार उघडं होतं आणि नवरा आत पडला होता. त्याला प्रत्येक शब्द ऐकू जात होता. मी कप हातात धरून उभी राहिले. तो आतून हाक मारील, दादा म्हणेल, काहीतरी म्हणेल, म्हणून वाट बघितली. चहावर साय धरली. आतून आवाज आला नाही. मी खोलीत गेले तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं, पण तो जागा होता. त्याचा खांदा हलत होता. मला त्याची दया यायला हवी होती. मला राग आला. तसा राग मला त्याच्याआधी किंवा नंतर कुणाचाच आला नाही, आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

नंतर त्याला अचानक दम लागला आणि सरकारी दवाखान्यात दाखल करावं लागलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात आत्ती माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तळहात पसरला.

"दे बाई. मी माझ्या हातानं इकून येतो. तुझ्यापुढं मी रांडमुंड बाई हात पसरतोय, दे."

आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, येतो, जातो, पुरुषासारखं. मी अंगठी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आत्ती, हा हिरा नाही. अमेरिकन डायमंड आहे. पहिल्यापासनं तोच आहे."

त्यांनी मूठ मिटली. "इकायची येळ आली तवा हिरा न्हाय व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि दिरांना घेऊन गुजरीकडं गेल्या.

त्या नवऱ्याच्या ओळखीच्या दुकानात गेल्या नाहीत. लेकाची बेअब्रू नको म्हणून दुसऱ्याच सराफाकडं गेल्या. तिथं काय झालं ते मला दिरांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सराफानं अंगठी भिंगाखाली धरली, तो हसला नाही, वाईट काही बोलला नाही. म्हणाला, "मावशी, सोन्याचे देतो. खड्याचं काही नाही." आत्ती म्हणाल्या, "परत बघा." त्यानं परत बघितलं. मग पेनसारखं एक यंत्र खड्याला टेकवून दाखवलं. हिऱ्याला टेकवलं की ते वाजतं, इथं वाजलं नाही. सोनं तोलायचं म्हणून त्यानं खडा उचकटला आणि कागदाच्या पुडीत बांधून आत्तींच्या हातात दिला.

त्या परत आल्या तेव्हा मी नवऱ्याच्या खाटेजवळ बसले होते. आत्तींनी पुडी माझ्या अंगावर फेकली. पुडी सुटली आणि खडा फरशीवर टणटण करत खाटांखाली कुठंतरी गेला.

"खरा कुठं हाय?" त्या म्हणाल्या.

वॉर्डातले सगळे बघत होते. दीर म्हणाले, "माहेराला पोचवलास न्हवं? भावाच्या दुकानाला नवीन फरशी बसली ती उगंच न्हाय." माझे वडील वारले होते आणि दुकान भाऊ चालवत होता. दुकानाला फरशी खरंच बसली होती.

तेव्हा माझा नवरा बोलला. नाकाला ऑक्सिजनची नळी होती. ती त्यानं हातानं बाजूला धरली.

"आये, तिला काय बोलू नको. मीच बसवलाय त्यो. पयल्यापासनं अमेरिकन डायमंडच हाय. साखरपुड्याला बी त्योच हुता."

"मग इतकी वर्सं झिजला कसा न्हाय?" आत्तींनी विचारलं. "मी रोज बघत हुतो. नव्यासारखा हुता."

"झिजला की. झिजला की मी बदलायचो. तीन डाव बदलला."

त्या एका शब्दानं काय झालं ते त्याला लगेच कळलं नाही. मला कळलं.

"बदलला," आत्ती म्हणाल्या. "बदललास म्हणतोस तू. हिच्या सांगण्यावरनं हिरा काढलास, काच बसवलीस, आन् आता हिला वाचवायला बघतोयस."

"न्हाय गं आये. तसं न्हवं..."

त्याला खोकला आला. नळी परत नाकाशी धरून मी त्याची पाठ चोळू लागले. तो मधेमधे मान हलवत होता, नाही, नाही म्हणून. दिरांनी आईला बाहेर नेलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यानं मला दोनदा विचारलं, "मी काय चुकीचं बोललो?" मी म्हणाले, "नाही. तुम्ही बरोबर बोललात."

त्यानंतर तो फार बोलण्याच्या अवस्थेत राहिला नाही. पावसाळा सरता सरता तो गेला.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी बायका माझ्याजवळ बसल्या, पण माझ्या हाताला कुणी हात लावला नाही. दुकानाच्या माडीवरचे दोन कारागीर आले होते. त्यांच्यातला म्हातारा, ज्याच्याकडं माझा नवरा काम शिकला, तो काहीतरी बोलायला माझ्याकडं येत होता. पण आत्ती रडायला लागल्या आणि तो दारातूनच हात जोडून परतला. मी त्याला थांबवलं असतं तर कदाचित तेव्हाच सगळं मिटलं असतं. माझ्यात उठायचं बळ नव्हतं.

बावड्यात राहणं शक्य नव्हतं. मी हातकणंगल्याला गेले. पण हिऱ्याची बातमी माझ्याआधी तिथं पोचली होती. भावानं घरात घेतलं. वहिनी मात्र दुकानाच्या फरशीवर पाय ठेवणारं प्रत्येक गिऱ्हाईक आपल्याकडं संशयानं बघतं म्हणून रोज रडायची. तिचंही चुकत नव्हतं. काही महिन्यांनी मी इचलकरंजीत एक खोली घेतली आणि यंत्रमागांच्या एका शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायचं काम धरलं. शेडमध्ये यंत्रांचा आवाज इतका असतो की कुणी कुणाला काही विचारत नाही. मला ते बरं वाटलं.

चार-पाच वर्षं अशीच गेली. मग एका दुपारी थोरले दीर माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. केस पिकले होते. मी चहा केला. या वेळी त्यांनी घेतला.

"गुजरीतला म्हातारा भेटला एका लग्नात," ते खाली बघत म्हणाले. "त्यानं सांगितलं. पयला खडा त्याच्याच डबीतनं दिलता म्हणं. पुढचं तीन बी. मला म्हणाला, तुमचा भाऊ लई हौसेनं बसवायचा." त्यांनी कप खाली ठेवला. "मी काय बोलू, मला समजंना झालंय."

"राहू दे दादा," मी म्हणाले.

"आईला सांगितलं. ती ऐकत न्हाय. म्हणती, म्हाताऱ्याला बी तिनंच पढवलाय. अंथरुणाला खिळलीया ती. तुझं नाव काढती. येतीस का?"

मी गेले. आत्ती सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, खाटेवर होत्या आणि फार लहान दिसत होत्या. त्यांनी मला ओळखलं. जवळ बस म्हणाल्या. माझा डावा हात हातात घेतला आणि अंगठी असायची त्या बोटावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"किती आलतं गं त्येचं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "आता काय भांडाया इचारत न्हाय मी. भावाला दिलंस, तर दिलंस. तुला बी कोण हुतं दुसरं? पोर न्हाय, बाळ न्हाय. मी माफ केलं बघ तुला."

दारात दीर उभे होते. ते म्हणाले, "आये, कितीदा सांगितलं तुला..."

आत्तींनी हात झटकून त्यांना गप्प केलं. माझ्याकडं बघत राहिल्या. मी इतकी वर्षं मनातल्या मनात त्यांना जे सुनावलं होतं, त्यातलं एक वाक्यही मला सापडलं नाही.

"व्हय आत्ती," मी म्हणाले. "दिलं."

त्यांनी डोळे मिटले. "माझं लेकरू मरताना बी तुझ्यासाठी खोटं बोललं," त्या म्हणाल्या, "एवढा जीव हुता त्याचा तुझ्यावर."

"व्हय," मी म्हणाले.

दीर मला बसपर्यंत सोडायला आले. बस दिसू लागली तेव्हा म्हणाले, "असं कशाला म्हणालीस?"

"त्यांना बरं वाटलं."

"व्हय. आन् त्याला?"

बस आली. मी चढले. खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेर बघवेना. माझ्या नवऱ्यानं सगळ्यांसमोर खरं बोलायला दहा वर्षं लावली होती. नळी बाजूला सारून, दम लागत असताना तो ते एकदाच बोलला होता. ते मी एका शब्दात खोटं करून आले होते. आणि म्हातारीच्या हाताची पकड आठवली की पुन्हा तेच बोलले असते, हेही मला कळत होतं.

महिन्याभरात आत्ती गेल्या. उत्तरकार्याला मी पुन्हा बावड्याला गेले. या वेळी बायका माझ्याशी चांगलं बोलल्या. एकीनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "सासूनं जाताना माफ केलं म्हणं तुला. मोठ्या मनाची बाई. नशीब काढलंस." जाऊ तिथंच होती. तिनं मान खाली घातली, म्हणजे तिलाही खरं कळलं असणार. दीर पलीकडं पानं मांडत होते. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा पानं मांडू लागले.

पंगत बसत होती आणि वाढायला माणसं कमी होती. मी पदर खोचला आणि भाताचं पातेलं उचललं.